सोवळी प्रत

आमच्या काकांनी मलायातल्या पिनांगहून येताना एक प्रोजेक्टर आणला, एका चिनी मारामारीच्या विनोदी चित्रपटाची रिळं आणली आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी समजूत आणली. पहिल्या दोन गोष्टी निदान वापर झाल्यावर पेटीत बंद करून ठेवता यायच्या.

तंजावूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवीत होते. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो काकांचा, आणि त्यांचा शब्द काही थोडाथोडका नसायचा. पिनांगला ते कुठल्याशा पेढीत कारकून होते. तिथे कारकून असलेला माणूस इथे येऊन पंडित कसा होतो, हे मला तेव्हाही उमगलं नाही.

समुद्र ओलांडला होता म्हणून आल्या आल्या त्यांनी भटजींना बोलावून शुद्ध करून घेतलं. इथवर ठीक होतं, जुनी माणसं करायची. पण काकांनी रिळांनाही सोडलं नाही. डबे पाटावर मांडून त्यांच्यावर कावेरीचं पाणी शिंपडलं. पंधरवड्यात डब्यांची झाकणं गंजून बसली, आणि पुढे दर वेळी ती विळीच्या टोकानं उचकटावी लागायची. यावर काकांचं म्हणणं असं की पत्रा चिनी होता, म्हणून गंजला.

हे सगळं एक वेळ मी हसून सोडलं असतं. खरा घोळ पुढचाच होता. चित्रपट लागायचा तो मधल्या दालनात, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, खिडक्यांना घोंगड्या लावून. पडदा म्हणजे काकांची धुतलेली वेष्टी, म्हणजे धोतर, दोन खांबांना ताणून बांधलेली. आणि त्या पडद्याच्या बरोबर समोर होतं देवघर. म्हणजे आम्ही माणसं जमिनीवर बसून बघायचो आणि आमच्या डोक्यावरून देव बघायचे. आता त्या चित्रपटाचा नायक होता खानावळीतला एक लठ्ठ स्वयंपाकी. तो खरं तर मोठा मल्ल, पण लपून राहिलेला. पळी, झाकण, लाटणं, जे हाती येईल त्यानं तो गुंडांना झोडपायचा, आणि झोडपताना चुलीवरचं काही करपू द्यायचा नाही. गंमत सगळी त्यातच. पण चिनी खानावळ म्हटली की आकड्यांना भाजलेली बदकं टांगलेली असणार, पाटावर मासा असणार, आणखी काय काय असणार. देवांसमोर हे कसं चालेल?

दुसऱ्या कोणी देवघराचं दार लोटून घेतलं असतं. काकांनी ब्लेड घेतलं.

एकेक चौकट डोळ्यांसमोर धरून, जिथे जिथे मांस दिसलं तिथे तिथे त्यांनी फिल्म कापली आणि उग्र वासाच्या कसल्याशा द्रावानं टोकं चिकटवली. महिनाभर हा उद्योग चालला होता. शेवटी जे उरलं त्यात स्वयंपाकी होता, पण स्वयंपाकघर नव्हतं. तो दारातून आत जायचा आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हातात पळी घेऊन बाहेर यायचा, मागे चार माणसं आडवी पडलेली. का मारलं, कसं मारलं, देवाला ठाऊक. नाही, देवालाही ठाऊक नाही, त्याच्याचसाठी तर कापलं होतं. काका या प्रतीला 'सोवळी प्रत' म्हणायचे आणि तसं म्हणताना त्यांना जराही हसू यायचं नाही.

कापलेले तुकडे एका बिस्किटाच्या डब्यात गेले. पिनांगचा माल टाकवेना आणि ओवळा म्हणून घरातही ठेववेना, तेव्हा डबा परसात, गोठ्याच्या वळचणीला टांगला गेला.

चित्रपटाची भाषा कँटोनीज. काका पिनांगला बारा-पंधरा वर्षं राहिले, पण बाजारात भाव विचारण्यापलीकडे त्यांना ती येत होती असं मला कधी दिसलं नाही. तरीही ते पडद्याशेजारी छडी घेऊन उभे राहायचे आणि आम्हांला अर्थ सांगायचे. "हा म्हणतो, तू माझ्या गुरूंचा अपमान केलास. तो म्हणतो, गुरूंच्या पायांची शपथ, मी केला नाही." गल्लीतली मंडळी माना डोलवायची. चिनी लोकांची गुरुभक्ती पाहून एका आजोबांच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. मला तर त्या दोघांची तोंडं पाहून वाटायचं की गोष्ट खाण्यापिण्याची चालली असावी.

या गर्दीत एक माणूस असं होतं की जे मारामारी बघायला येत नव्हतं. ती आमची आत्या, काकांची धाकटी बहीण. लवकर विधवा झाली आणि एकुलत्या मुलाला घेऊन माहेरी आली. सोवळ्याओवळ्यात घरातली सगळ्यांत कडक तीच. वाळत घातलेल्या लुगड्याला माझा नुसता वारा लागला तरी ते पुन्हा पिळून घालणारी. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, काकांनीच पिनांगला नेला होता, पेढीत चिकटवून देतो म्हणून. काका परत आले, तो आला नाही. त्याआधी वर्षभरापासूनच त्याचं काही कळणं बंद झालं होतं.

काका आले त्या दिवशी तिनं त्यांना पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "अण्णा, तो कसा आहे?"

"बरा आहे."

"जेवतो कुठं?"

"जेवतो की. सगळे जेवतात तिकडं."

यापलीकडे तिला काही मिळालं नाही. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं आणि काकांनी पुन्हा पुन्हा 'बरा आहे' एवढंच ऐकवलं. जगातल्या प्रत्येक विषयावर तासभर बोलणाऱ्या माणसाकडे सख्ख्या बहिणीसाठी दोन शब्द होते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण काकांना मी इतकं कमी लेखत होते की ते काही लपवू शकतील असंही मला वाटलं नाही.

आत्या चित्रपटाला यायची कारण काकांनीच बढाई मारून ठेवली होती की यातले रस्ते खरे पिनांगचे आहेत, चिनी मंडळी तिथे येऊन चित्र काढून गेली, आम्ही त्या वेळी तिथेच होतो. ती सगळ्यांत पुढे, खांबाला टेकून बसायची. पडद्यावर कोणी कोलांटी मारली की लोक हसायचे, आणि ती त्या कोलांटीच्या मागचा रस्ता बघायची. "या रस्त्यानं तो जात असेल का गं?" मला हळूच विचारायची. मी म्हणायचे, असेल. ती मग ते घर, ते दुकान, ती सायकलरिक्षा, सगळं नीट बघून ठेवायची. दर रविवारी तेच रस्ते आणि दर रविवारी ती.

मग तिरुवैयारूच्या वकिलांचा प्रवेश झाला. निवृत्त माणूस, कावेरीकाठी घर, भाषा आमचीच, तंजावरी मराठी. त्यांचा जावई मलायात रबराच्या मळ्यावर होता. मळ्यातल्या मजुरांना दाखवून दाखवून झिजलेली एक प्रत त्यानं येताना उचलून आणली होती, आणि ती निघाली याच चित्रपटाची. एका मुंजीत काका आणि वकील शेजारी जेवायला बसले. पान वाढून होईपर्यंत दोघांना एकमेकांचा पत्ता लागला आणि ताकभात येईपर्यंत वैर जडलं.

त्यानंतरचे कित्येक महिने आमच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता. काकांचं म्हणणं, आमची प्रत स्वच्छ, तुमच्या प्रतीत ओरखड्यांचा पाऊस पडतो. वकिलांचं म्हणणं, तुमच्या प्रतीत आवाज खणखणीत असेल, पण गोष्ट कुठाय? आमच्या प्रतीत खाली इंग्रजी अक्षरं येतात. यावर काका, ती अक्षरं चित्र बिघडवतात, शहाणा माणूस ती बघतच नाही. गाण्यातला जाणकार जसा डोळे मिटून मान हलवतो तसे हे दोघे एका चिनी आचाऱ्याच्या टाळक्यात पळी कशी वाजते यावर मान हलवायचे. एकाला भाषा कळत नव्हती. दुसऱ्याला अक्षरं पुरेशा वेगानं वाचता येत नव्हती. पण कोणाची प्रत अस्सल, हे ठरल्याशिवाय दोघांनाही अन्न गोड लागेना.

शेवटी एका रविवारी काका वकिलांची प्रत तपासायला बसनं तिरुवैयारूला निघाले. इंग्रजी अक्षरं वाचायला मला बरोबर घेतलं. चष्मा विसरलो असं त्यांनी तिथे सांगितलं. चष्मा त्यांच्या खिशात होता.

वकिलांच्या घरी चुन्याच्या भिंतीवर चित्र पडत होतं. पाऊस तर होताच, शिवाय दर दहा मिनिटांनी फिल्म तुटत होती. पण खरंच सांगते, तो चित्रपट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. स्वयंपाक्याला स्वयंपाकघर मिळालं. मारामारीला कारण मिळालं. खालची अक्षरं मी मोठ्यानं वाचत होते, आणि गुरूंच्या अपमानाच्या जागी खाली स्वच्छ लिहिलेलं होतं, 'माझं बदक तू चोरलंस.' 'तुझ्या बदकाची शपथ, मी चोरलं नाही.' वकील मांडीवर थाप मारून हसले. काका भिंतीकडे बघत राहिले.

तिसऱ्या रिळात स्वयंपाकी एक भाजलेलं बदक गुंडाच्या तोंडावर भिरकावतो. नेम चुकतो आणि बदक रस्त्यावर मांडलेल्या टेबलांवरून घसरत जातं. चित्र त्याच्या मागोमाग जातं. एक टेबल, दुसरं टेबल. तिसऱ्यावर एक तरुण जेवत बसलेला होता. पांढरा शर्ट, काळासावळा, आपल्यातला. उजव्या हातात चिनी काड्या होत्या आणि डावा तळवा शेजारी टेबलावर सपाट टेकलेला होता. जेवताना डावा हात टेकायची ही खोड मोडायला आत्यानं लहानपणी त्याच्या हातावर किती चापट्या मारल्या होत्या, त्यातल्या कित्येक मी पाहिल्या होत्या.

मी नीट बघणार तेवढ्यात काका उठून उभे राहिले. प्रोजेक्टरच्या बरोबर समोर. सगळ्या भिंतीवर त्यांची सावली पडली. "हे असलं घाणेरडं ब्राह्मणाच्या घरी दाखवता?" असं काहीसं ते म्हणाले. खोकले. वकिलांनी बसा बसा म्हणेपर्यंत टेबल निघून गेलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "काका, तो आमचाच होता ना?"

"कोण तो?"

"तुम्ही उठलात तो दिसल्यावर. बदक तर दोन टेबलं आधीपासून दिसत होतं."

त्यांनी शेजारच्या बाकावर कोणी आपल्यातलं नाही ना, हे आधी पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी बघितलं होतं, कापतानाच. तिथं असताना मला ठाऊकच होतं. चिनी पोरीशी संसार मांडलाय त्यानं. रस्त्यावर बसून वाटेल ते खातो. ते मी काय बहिणीला दाखवू? ती प्राण सोडेल."

"ती विचारून विचारून प्राण सोडत्येच आहे."

"तुला नाही कळायचं. मी तिचं सोवळं राखलं."

माझ्या तोंडात जे आलं ते मी गिळलं, कारण बसमध्ये शाळेतल्या दोन मुलींच्या आया होत्या. पण त्या दिवसापासून माझ्या मनात काकांबद्दल जी किळस बसली ती ते गेल्यावरही उतरली नाही. बदकाची, माशाची शिसारी आली म्हणून कापणारा माणूस मूर्ख असतो, त्याच्यावर हसता येतं. हा माणूस बहिणीचा मुलगा कापून डब्यात घालतो, डबा गोठ्याला टांगतो आणि दर रविवारी त्याच बहिणीसमोर छडी घेऊन गुरुभक्तीच्या गोष्टी सांगतो. आणि याला पुन्हा बहिणीची काळजी म्हणायचं.

पुढच्या रविवारी वकील आपली प्रत घेऊन आमच्याकडे येणार होते. दोन्ही प्रती शेजारी शेजारी लावून निकाल लावायचा होता. काकांची अट एवढीच की ओवळी रिळं आमच्या दालनात लागणार नाहीत, आधी गाळून घ्यावी लागतील. आणि वकिलांनी ती मान्य केली. आपली प्रत पूर्ण आहे म्हणून वर्षभर टेंभा मिरवणारा माणूस, जिंकायच्या हौसेनं, ती स्वतःच्या हातानं कापायला तयार झाला. मला त्यांच्याबद्दल थोडा आदर वाटू लागला होता तोही संपला.

ते यायच्या आधी सकाळी काकांनी मला हाक मारली. "परसातला तो डबा जाळून टाक. त्या वकिलाच्या दृष्टीस पडायला नको, उगीच म्हणेल आमची प्रत अपुरी."

मी डबा काढला. जाळला नाही. न्हाणीघरामागे बसून एकेक तुकडा उजेडाला धरत गेले. मासे, डुकराचं मुंडकं, बदकंच बदकं. हवा तो तुकडा तळाशी निघाला, हातभर लांब, कडेला शेवाळल्यासारखा झालेला, पण चित्र शाबूत होतं. वडिलांचं वाचायचं भिंग माझ्याकडे होतं, ते मी पदरात घेतलं आणि दुपारची वाट बघितली.

दुपारी दालनात घोंगड्या लागल्या. दोघे पंडित आत ब्लेड घेऊन बसले आणि काय कापायचं, काय ठेवायचं यावर वाद घालू लागले. वारुळातून सुटलेल्या मुंग्यांसारखी गल्ली आत शिरली. आत्या मात्र परसातच होती, अप्पळम, म्हणजे पापड, वाळत घालत होती. कापी, म्हणजे कॉफी, तिनंच करायची असल्यामुळे ती चित्र सुरू झाल्यावर आत जाणार होती.

मी म्हटलं, "आत्या, तो यात आहे."

तिनं विचारलं नाही कोण म्हणून. हात पुढे केला. मग मीच घाबरले. म्हटलं, "ओवळं आहे गं. जेवताना आहे. काय जेवतोय तेही दिसतं."

"दे."

लुगड्याला वारा लागू न देणाऱ्या माझ्या आत्यानं तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला आणि आभाळाकडे धरला. भिंग कसं धरायचं ते मी दाखवलं. चौकट नखाएवढी. एकाखाली एक तीच चौकट, पुन्हा पुन्हा, प्रत्येकीत केसभर फरक. पहिलीतच तिला तो सापडला. "हात बघ, अजून टेकतोच आहे," म्हणाली. मग भिंग हळूहळू खाली सरकवू लागली. मीही शेजारून बघत होते. त्याच्या बाजूला एक चिनी मुलगी होती, दोन वेण्यांची. वरच्या चौकटीत तिच्या काड्या ताटलीवर होत्या. भिंग खाली सरकत गेलं तसा तिचा हात थोडा थोडा त्याच्याकडे आला आणि शेवटच्या चौकटींत तिनं काहीतरी त्याच्या वाडग्यात ठेवलं. काय ठेवलं ते मला दिसलं होतं. आत्यालाही दिसलं असणार, तिची नजर माझ्याहून चांगली होती.

तिनं पुन्हा वरपासून सुरू केलं. खालपर्यंत आली. मला वाटलं आता रडेल, किंवा तुकडा फेकून देऊन विहिरीवर अंघोळीला जाईल.

ती म्हणाली, "वाढतंय की त्याला कोणीतरी."

आतून काकांची हाक आली, कापी कुठाय म्हणून. आत्यानं तुकड्याची गुंडाळी करून कमरेला खोचली आणि उठली. विहीर चार पावलांवर होती. ती तिकडे वळली नाही. तशीच स्वयंपाकघरात गेली, त्याच हातांनी दूध उतरवलं, कापी केली, फेस आणला आणि दोन पेले घेऊन दालनात आली. मी तिच्या मागे होते. सोवळी प्रत लागली होती. स्वयंपाकी दारातून आत गेला, लगेच बाहेर आला, लोक हसले.

काकांनी घोट घेतला, कापी चांगली झाली म्हणाले, आणि नेहमीसारखी खांबाकडे छडी दाखवली. "बस की. तुझे रस्ते आता येतील."

"नको, अण्णा," आत्या म्हणाली. "तुमच्या प्रतीत तो नाही. मी बघून आलें."

वकिलांनी विचारलं, कोण नाही? काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्या कमरेकडे, आणि मग हातातल्या पेल्याकडे. पडद्यावर दोघे भांडत होते. त्या दिवशी ते काय म्हणतात हे काकांनी सांगितलं नाही.